मंजुश्री अंभोरे आणि माझी एकसष्ट निवेदनं

मंजुश्री अंभोरे काय काम करते हे मला दोन वर्षं नीट कळलं नाही. आणि ज्या आठवड्यात कळलं, त्याच आठवड्यात मी ते बिघडवून बसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी माझीच बाजू रेटायला लागलो तर वाचणाऱ्याने मला तिथंच थांबवावं.

मी प्रेमानंद. चिखलीत स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींसाठी अभ्यासिका चालवतो. शिक्षण म्हणाल तर सातवी नापास. बाकी सगळं आमच्या संघटनेच्या कामात, तहसीलच्या पायऱ्यांवर शिकलो. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, कोणता साहेब कोणत्या कलमाला घाबरतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. तीस वर्षांत या दोन गोष्टींनी माझी बरीच कामं झाली, म्हणून त्यांना मी गुण समजत आलो.

मंजुश्री अमडापूरची. तिची आई जनकाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. वडील ती चौथीत असताना गेले. पोरीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि चिखलीत स्टँडच्या मागे भागवतच्या दुकानात कामाला लागली. शेतातली मोटार घरबसल्या फोनवरून चालू-बंद करायचा जो डबा असतो, मोबाइल स्टार्टर, तो या दुकानात दुरुस्त होतो. मंजुश्री रोज नऊच्या जीपने यायची, ओढणी मागे बांधायची, आणि संध्याकाळपर्यंत मान खाली घालून बसायची. ओढणीच्या टोकाला सोल्डरिंगने पडलेली पाच-सहा भोकं. पाच-सहा म्हटलं की ती म्हणायची, "सात हायेत, काका." अंदाजाने बोललेलं तिला चालत नसे.

एका कंपनीचे डबे तेव्हा दुकानात सारखे यायचे. नऊ-दहा दिवस बरे चालायचे आणि मग बंद. भागवत ते उघडायचा, फुंकर मारायचा, पॉवर काढून परत लावायचा, डबा चालू. गिऱ्हाईक खुश, भागवत खुश. नाखुश एकटी मंजुश्री.

"काऊन बंद पडते, ते कोणीच काऊन पाहत नाई?" असं ती म्हणाली, तेव्हा भागवतने तिला हात जोडले. "बाई, बंद पडते म्हणून तुह्यी-माह्यी चूल पेटते. त्याले बरं नको करू!"

तिने तीन महिने त्या डब्याचा पिच्छा पुरवला. डब्यात एक छोटी ऑपरेटिंग सिस्टम निघाली, आणि तिचा गाभा, ज्याला ते लोक कर्नल म्हणतात, तो 'हेरॉन' नावाचा. कोण्या एका कंपनीचा नाही. देशोदेशीची माणसं मिळून लिहितात, कोणालाही वाचता येतो, कोणीही सुधारणा सुचवू शकतो. सुचवलेला बदल म्हणजे पॅच. तो सगळ्यांना दिसेल अशा एका सामायिक पत्रपेटीत मेलने पाठवायचा. जाणकार तपासतात, चुका काढतात, पटलं तर घेतात. घेतला की त्या ओळींपुढे तुमचं नाव कायमचं.

मंजुश्रीचं नाव तिथं लागलं होतं. सदतीस वेळा. मला तेव्हा हे ठाऊकही नव्हतं.

मी एकदा चहाला बसलो असता विचारलं, "पोरी, तू त्या लॅपटॉपवर दुपारच्या सुट्टीत करतं तरी काय?"

"मेमरी वाटायचा कोड हाय, काका. त्याची मांडणी बदलून राह्यली."

"मंग डबा जोरात चालन?"

"नाई. तेवढाच चालन."

"मंग फायदा काय?"

ती हसली. तिला हसताना मी क्वचितच पाहिलं असेल. म्हणाली, "अमडापूरच्या बाजारात पाह्यलं ना तुमी? आदल्या सांजेले लोक पोतं टाकून जागा धरतात. सकाळी माणूस येते, दुकान लावते, जाताना पोतं घेऊन जाते. इथपर्यंत सगळं बरोबर. पण एखाद्याची गाडी रस्त्यात पंक्चर झाली, तो आलाच नाई. मंग त्याचं पोतं कोणं उचलायचं?"

"कोणी नाई उचलत. पडलेलं राह्यते."

"तसंच हाय हे. एखाद्या कामानं मेमरी मागतली, आणि काम मधातच फसलं. रेंज गेली, लाइन गेली. तर घेतलेली जागा वापस कराची कोणं? हेरॉनमध्ये नऊ ठिकाणी नऊ जणांनी आपापल्या पद्धतीनं जागा मागतली, आपापल्या पद्धतीनं वापस केली. कोणी इसरलं. रोज दोन-चार पोते पडून राह्यतात, आणि दहाव्या दिवशी बाजारात पाय ठेवाले जागा नाई. डबा बंद. मी त्या नऊ पद्धती एकाच ठिकाणी आणून राह्यली. बाहेरून काईच बदलणार नाई, काका. बदललं तर माह्यी चूक."

मी मान डोलावली. खरं सांगतो, शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. ज्या कामाने बाहेर काहीच बदलत नाही, ते काम कसलं? आम्ही बदल करणारी माणसं. मी चहा संपवला आणि उठलो.

तिची काम करायची रीत मात्र बघण्यासारखी होती. ती एखादी गोष्ट बरी झाली असं कधी पटकन म्हणायचीच नाही. पहिले ती स्वतः मोडून बघायची. एक छोटा प्रोग्राम तिने लिहिला होता, तो मुद्दाम जागा नाकारायचा. मेमरी मागितली की म्हणायचा, नाही. आणि मग ती बघत बसायची, समोरचा काय करतो. "जागा भेटली तर सारेच शहाणे, काका," ती म्हणायची. "नाई म्हटल्यावर कोण कसं वागते ते पाहा लागते." पहिल्या मागणीला नाही, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. असं शेकडो वेळा. कॅलेंडरच्या फाटलेल्या पानांमागे ती त्याची नोंद ठेवायची. दुकानात त्या पानांची चळत झाली होती. भागवत त्यांत वडे बांधून आणायचा आणि शिव्या खायचा.

आता माझं.

गेल्या वर्षी ऑगस्टात मी दुकानात गेलो तेव्हा ती फोनवर एक मेल वाचत होती आणि चेहरा पडलेला. मी फोन हातातून घेतला. हो, घेतला, विचारलं नाही. भाषांतराचं बटण दाबलं. कोणी टोमास नावाचा माणूस, प्रागमध्ये राहणारा, त्या मेमरीच्या भागाचा प्रमुख. त्याने लिहिलं होतं: "नाही. हे असं घेता येणार नाही. वेगळं करा आणि परत पाठवा."

"कितव्या खेपेले वापस केलं?" मी विचारलं.

"चौथ्या."

चौथ्या! माझ्या डोक्यात घंटा वाजली. तहसीलमध्ये एखादा अर्ज मारायचा असेल तर तो नामंजूर करत नाहीत. नामंजूर केला तर कारण द्यावं लागतं. ते त्रुटी काढून परत करतात. एक त्रुटी पुरी केली की दुसरी. माणूस थकतो, अर्ज मरतो, आणि कोणाच्या हाताला रक्त लागत नाही. आमच्या अभ्यासिकेच्या जागेचा अर्ज पाच वेळा असाच आला. सहाव्या वेळी मी दोनशे सह्या आणि दोनशे माणसं घेऊन गेलो. दुपारी चारच्या आत काम झालं. त्या दिवसापासून 'परत पाठवा' हे शब्द दिसले की मला दुसरं काही दिसत नाही.

"तुह्यं आडनाव वाचलं अशीन त्यानं," मी म्हणालो.

मंजुश्री माझ्याकडे बघतच राहिली. "काका, टोमासले अंभोरे म्हणजे काय ते मालूम नाई. त्याले मी बाई हाय का माणूस तेबी पह्यले सहा महिने मालूम नोतं."

"कोणाले ना कोणाले मालूम असते. सांगणारे असतात बसलेले."

"चूक माह्यी हाय. मी एकाच पॅचमध्ये कोड हलवलाबी आणि बदललाबी. त्याचं म्हणणं, एका पॅचमध्ये नुसतं हलवा, दुसऱ्यात बदला. म्हणजे तपासणाऱ्याले कळते, काय जुनं आणि काय नवं. बरोबर हाय त्याचं. मले कंटाळा आल्ता, म्हणून एकत्र केलं."

"मंग चेहरा काऊन पडला तुहा?"

"आता या मालिकेतल्या चौदा पॅचचे एकवीस करा लागतीन म्हणून!"

तिने इतकं सरळ सांगितलं आणि मला त्यात दबलेली पोरगी दिसली. आपलीच चूक असं म्हणायला शिकवलेली पोरगी. आपल्या कितीतरी लेकींना मी तसं बोलताना ऐकलं आहे, ते खोटं नव्हतं. पण मी मंजुश्रीचं ऐकलं नाही, त्यांचं ऐकलं. ती समोर उभी असताना.

अभ्यासिकेत आलो. पोरं वाचत होती. मी टेबलावर हात आपटला आणि पाच मिनिटं बोललो. बोलायला मला वेळ लागत नाही. मग समताला बोलावलं. समता हिवाळे, आमच्याकडची सगळ्यात हुशार, इंग्रजी पक्कं. तिला मजकूर सांगितला: मंजुश्री अंभोरे यांच्या कामावर होत असलेल्या अन्यायाचा आम्ही तीव्र निषेध करतो. त्यांचे पॅच तात्काळ मंजूर करण्यात यावे, अन्यथा लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.

समताने लिहिता लिहिता पेन थांबवलं. "सर, ताईले इचारलं का?"

"तिले इचारलं तर ती नाईच म्हणन."

"मंग ती नाई म्हणत अशीन तर..."

"तुले भेव वाटत अशीन तर नको पाठवू," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "घरी जाय. ज्याले भेव वाटते त्यानं इथं बसूच नाई."

वीस वर्षांची पोरगी. तिचे कान लाल झाले. तिने मजकूर पुरा केला आणि पहिला मेल तिनेच पाठवला. बाकीच्यांनी तोच मजकूर उतरवून आपापल्या फोनवरून पाठवला. ज्यांचा मेल नव्हता त्यांनी तिथंच नवीन काढला. दुपारी दोन ते चारच्या मधात एकसष्ट मेल गेले. मी पोरांना चहा पाजला. छाती अशी फुगली होती की शर्टाची गुंडी तुटायची बाकी.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मंजुश्री अभ्यासिकेत आली. दुकान सोडून ती कधी कुठं जात नसे. दारात चप्पल काढली, ती नीट लावली, आत आली.

"काका, ते मेल तुमी पाठवले?"

"हाव," मी म्हणालो. "एकसष्ट! आला का ठिकाणावर?"

ती बाकावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं. तिने फोन पुढे केला. टोमासने पत्रपेटीत सगळ्यांना लिहिलं होतं. दोन तासांत एकसष्ट संदेश आले आहेत, शब्द न शब्द सारखा, बरीच खाती त्याच दिवशी उघडलेली, त्यात धमकीची भाषा. या पॅचमागे कोण आहे हे समजेपर्यंत ही मालिका थांबवत आहोत. या लेखिकेचं आजवर घेतलेलं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून तपासलं जाईल.

"पाह्य!" मी उसळलो. "घेतला का नाई संशय? मी म्हणत नोतो?"

"संशय तुमी घेतला, काका," मंजुश्री म्हणाली. "त्यानं काल दुपारपर्यंत घेतला नोता."

अभ्यासिकेत पंखा फिरत होता आणि चाळीस पोरं पुस्तकात डोकं खुपसून ऐकत होती.

मग तिने मला समजावून सांगितलं, दुकानात सांगायची तसंच, न चिडता. जगातले सारे डबे, फोन, दवाखान्यातली यंत्रं अशा फुकट लिहिलेल्या कोडवर चालतात. मागे एका ठिकाणी असं झालं, की खोट्या खात्यांच्या घोळक्याने एका थकलेल्या माणसावर दबाव आणला, घे, घे, लवकर घे. आणि त्याने ज्याच्यावर भरवसा टाकला त्याने आत चोरदरवाजा बसवला. तेव्हापासून घोळका दिसला की हे लोक दार लावतात. आणि मेमरीचा कोड म्हणजे तर घराचा पायाच.

"तुमी गर्दी नेली, काका. तिथं गर्दी म्हणजे चोर."

"हे मले सांगाचं नाई आधी?"

"तुमी इचारलं?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

"आणखी एक हाय," ती म्हणाली, आणि फोनवर दुसरा मेल काढला. जुलैचा होता, फक्त तिला आलेला. टोमासने लिहिलं होतं की ही मालिका पुरी झाली की मेमरीच्या भागाचे तपासनीस म्हणून जी नावं असतात, त्यात आपल्या नावाशेजारी तिचं नाव घालायचं त्याच्या मनात आहे. तिची तयारी आहे का? जगभरातून येणारे पॅच मग तिच्याकडे येणार होते. अमडापूरच्या जनकाबाईच्या पोरीकडे. तिने होकार कळवला होता आणि कोणाला सांगितलं नव्हतं, कारण अजून झालं नव्हतं.

त्याच मेलखाली आज सकाळची एक ओळ: "आता हे शक्य नाही. मला वाईट वाटतं."

मी खुर्चीवर बसलो होतो तरी मला कुठंतरी बसावंसं वाटलं. तिने फोन खिशात ठेवला. समतापाशी थांबली, तिच्या वहीत डोकावली, एक गणित चुकलं होतं ते बोटाने दाखवलं, आणि गेली.

तिसऱ्या दिवशी मी अमडापूरला गेलो. तिला नाही, तिच्या आईला भेटायला. का? मंजुश्रीच्या डोळ्याला डोळा देण्यापेक्षा ते सोपं वाटलं. भित्रेपणा होता, दुसरं काही नाही.

जनकाबाई शाळेतून नुकतीच आली होती. हाताला हळदीचा वास. तिने पाणी दिलं, चहा टाकला, आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मी 'हेतू चांगला होता' हे तीन वेळा म्हणालो असेन.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी मोठे माणसं. माह्या पेन्शनच्या कागदाले तुमीच भांडले, मी इसरली नाई. पण तेव्हा मी तुमच्या दारात आली होती का नाई?"

"आल्ती."

"माह्यी पोरगी आली होती का?"

"नाई."

"मंग?" ती चहा गाळत म्हणाली. "भांडण पाह्यजे असतं तर तिले तुमचं घर मालूम हाय. चालत येता येते दुकानापासून."

चहात साखर बरोबर होती. तो घोट घोट करून संपवताना मला जितका वेळ लागला तितका कधी लागला नसेल. निघताना ती म्हणाली, "ती घरी काईच बोलली नाई तुमच्याबद्दल. मले समतानं सांगतलं. दोन दिवस झाले, ताटावर बसते आणि भाकर मोडून ठेवून देते."

त्याच दुपारी मी भागवतच्या दुकानात गेलो. म्हणालो, "मंजुश्री, त्या पत्रपेटीत मी लिहितो. माह्या नावानं. काय लिहू ते सांग."

"तुमी लिहा. मी इंग्रजी करते."

मी दुकानातल्या पाटावर बसून लिहिलं. असं: आमच्या कार्यकर्त्यांच्या भावना अनावर झाल्यामुळे गैरसमजातून काही संदेश पाठवले गेले, त्याबद्दल संघटना दिलगीर आहे, मात्र वंचित समाजातील गुणवंतांना जागतिक पातळीवर ज्या अडथळ्यांना तोंड द्यावं लागतं ते पाहता...

तिने वाचलं आणि कागद परत दिला. "पाठवले गेले? आपोआप गेले का?"

मी खोडलं. मी पाठवायला लावले.

"कार्यकर्त्यांच्या भावना? समता तर नाई म्हणत होती."

खोडलं. माझा राग.

"आणि हे खालचं?"

"ते खोटं हाय का?" माझा आवाज चढला. भागवतने मान वर केली.

"खोटं नाई," मंजुश्री म्हणाली. "मीबी पाह्यलं हाय ते. डिप्लोमाले असताना रोज पाह्यलं. पण माफी आणि भाषण एका पत्रात टाकू नका. वाचणाऱ्याले कळत नाई, तुमी काय बदलून राह्यले आणि काय नुसतं इकडून तिकडं हलवून राह्यले. भाषण येगळं पाठवा, पाह्यजे तर. मी तेबी इंग्रजी करून देईन."

भाषण मी पाठवलं नाही. उरलं ते पाच ओळींचं पत्र. मी प्रेमानंद, चिखली, जिल्हा बुलढाणा. एकसष्ट मेल मी पाठवायला लावले. मंजुश्री अंभोरे यांना विचारलं नव्हतं. त्यांनी तुमचं म्हणणं बरोबर आहे असं मला आधीच सांगितलं होतं, मी मानलं नाही. पाठवणारे सगळे माझ्या अभ्यासिकेचे विद्यार्थी, खरी माणसं आहेत. दोष माझा. खाली माझा फोन नंबर.

आयुष्यात हजारो निवेदनं लिहिली, पण इतकं छोटं आणि इतकं जड कधी लिहिलं नव्हतं. बटण तिने मला दाबायला लावलं.

मी वाट बघत होतो की कोणीतरी शिव्या देईल, किंवा मोठ्या मनाने माफ करेल. दोन्हीची मला सवय आहे. टोमासचं उत्तर तिसरंच होतं. "कळवल्याबद्दल धन्यवाद. याने फेरतपासणी थांबणार नाही, पण ती सोपी जाईल." बस्स. मी चिडलेला माणूस आहे की पश्चात्ताप झालेला, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. कोड बरोबर आहे की नाही एवढंच त्याला पाहायचं होतं. हेच तर ती मला पहिल्या दिवसापासून सांगत होती.

समताची माफी मी पोरांसमोरच मागितली, कारण अपमान पोरांसमोर केला होता. ती "जाऊ द्या सर" म्हणाली. तिचं ते 'जाऊ द्या' मला पटलं नाही. अजून पटत नाही. ती आता माझ्याशी बोलताना आधी माझा चेहरा वाचते आणि मग बोलते.

फेरतपासणी साडेतीन महिने चालली. सदतीसच्या सदतीस जुने पॅच. कोणी कॅनडातून विचारी, ही ओळ इथं का? कोणी कोरियातून, हे आधी का आणि ते मग का? मंजुश्री दिवसभर डबे दुरुस्त करायची आणि दुपारच्या सुट्टीत उत्तरं लिहायची. जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी न्यायची. कॅलेंडरच्या पानांची ती चळत तिने पुन्हा उघडली. बऱ्याच प्रश्नांचं उत्तर त्या पानांमागे निघालं. जी पानं भागवतने वड्यांना वापरली होती, त्यांवरची उत्तरं तिला नव्याने काढावी लागली. भागवतने तेव्हापासून दुकानात वडे आणणं बंद केलं. त्याने निदान तेवढं केलं. मी काय केलं? मी जायचो आणि बसायचो. एकदा म्हणालो, काही मदत? ती म्हणाली, "काका, जरा उजेडातून सरका."

एकविसाव्या की बाविसाव्या पॅचमध्ये त्यांना खरंच एक चूक सापडली. तिचीच. एका आडवाटेला घेतलेली जागा दोनदा परत केली जात होती. मला वाटलं, आता तिचं सगळं गेलं, आणि माझ्यामुळे. ती मात्र तो मेल वाचून ताठ बसली. "अरे, खरंच की," म्हणाली. तासाभरात दुरुस्ती पाठवली आणि शोधणाऱ्याचे आभार मानले. त्यात लाज, राग, काही नाही. मी मनात म्हणालो, प्रेमानंद, तीस वर्षांत तुझी चूक कोणी दाखवली आणि तू त्याला धन्यवाद म्हणालास, असं एकदा तरी झालं का? आठवून बघितलं. नाही आठवलं.

डिसेंबरात तपासणी संपली. जुनं सगळं काम त्यांनी ठेवलं. मालिका तिने नव्याने, एकवीस तुकडे करून, हलवणं वेगळं आणि बदलणं वेगळं, परत पाठवली. तपासनिसांच्या यादीत मात्र तिचं नाव आलं नाही. जानेवारीत तिथं पोलंडच्या एकाचं नाव लागलं. ते मी स्वतः उघडून पाहिलं, कारण तिला विचारायची हिंमत नव्हती.

मार्चमध्ये देऊळगाव राजाला एका कामाने गेलो होतो. स्टँडवर समता भेटली, मावशीकडे चालली होती. बोलता बोलता म्हणाली, "ताईचं काम घेतलं ना सर हेरॉनमध्ये! सगळे एकवीस. तिच्या मायनं शाळेत पेढे वाटले."

"कधी?"

तिने माझा चेहरा वाचला आणि तिला कळलं की बोलायचं नव्हतं ते बोलून गेले. "झाले... तीन आठवडे."

तीन आठवडे. अमडापूरच्या शाळेत पेढे वाटले. भागवतला माहीत होतं, तो रोज मला चहा पाजत होता. माझ्या अभ्यासिकेतल्या पोरांना माहीत होतं. सगळ्या चिखलीत मला एकट्याला माहीत नव्हतं, आणि ते चुकून राहिलेलं नव्हतं.

काम टाकून मी तशीच जीप धरली. दुकानात पोचलो तेव्हा ती एका डब्याला डाग देत होती. धुराची बारीक रेघ वर चालली होती.

"अभिनंदन," मी म्हणालो.

तिने हात थांबवला नाही. डाग पुरा झाल्यावर सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली. "सांगणार होती, काका."

"मंग?"

ती मला दुखावू नये असा शब्द शोधत होती हे दिसत होतं, आणि तो सापडत नव्हता.

"तुमी बॅनर लावलं असतं," ती म्हणाली.

"नसतं लावलं."

ती मानेने बरं म्हणाली आणि पुढचा डबा उघडायला घेतला. मी खोटं बोललो होतो. जीप चिखलीच्या अलीकडे होती तेव्हाच, बॅनर दहा बाय वीसचं करायचं, बसस्टँडसमोर लावायचं आणि खाली माझा फोटो कोणता द्यायचा, हे सगळं मी ठरवून टाकलं होतं.